एक्क्याऐंशी दिवस

तांबट आळीत आमची भट्टी चारला विझते.
तरी रात्री आठला अण्णा हंड्याजवळ
हाताची पाठ नेतात, न टेकवता,
बोटभर अंतरावर थांबतात.
"लाली गेली म्हणजे निवला असं नाही."

मी माळ्यावर. एका दीर्घिकेच्या गाभ्याची
सहा वर्षांची नोंद उघडून:
वर निळ्या उजेडाचे ठिपके,
खाली अवरक्त, डोळ्याला न दिसणारे.
दुर्बीण माझी नाही, ती दूर कुठल्या वाळवंटी डोंगरावर.
माझ्याकडे आकडे येतात,
आणि नाशिकचं आभाळ, ज्यात हल्ली
कॉलेज रोडच्या दिव्यांपुढे सप्तर्षी सात भरत नाहीत.

गाभा काहीतरी गिळतो, भडकतो.
भोवती धुळीचं जाड कडं.
फार आतली धूळ टिकतच नाही,
काजळीचा कणसुद्धा वाफ होऊन जातो.
म्हणजे कड्याला आतून एक काठ असणार:
इथवर धूळ, पुढं नुसता जाळ.

तो काठ मी पाहिलेला नाही.
मी उशीर मोजते.
निळा भडका आठ मार्चला,
धुळीची धग चढली अठ्ठावीस मेला.
एक्क्याऐंशी दिवस उजेड चालला, तेवढं अंतर.
त्याआधी तीन महिने
आरशाची ऊब वजा केली, कॅमेऱ्याची, आभाळाची,
सगळंच थोडं थोडं तापलेलं असतं
आणि सगळंच मोजणीत घुसतं.

खाली जाऊन सांगितलं. ओरडूनच;
बेचाळीस वर्षांच्या ठोक्यांनी
अण्णांच्या कानात फारसं काही शिल्लक ठेवलेलं नाही.
"धूळ! तापते! उशिरा!"
ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले,
मग चिंचेनं घासायची कळशी पुढे ओढली.
मी जिना चढले.

शेवटच्या पायरीवर होते, तेव्हा खालून:
"कसली धूळ?"

"काजळी! आणि वाळूसारखी!"

पुन्हा घासण्याचा आवाज, बराच वेळ.
मी लॅपटॉप बंद करत होते.
"किती वेळा भडकला?"

एकदाच, म्हटलं. बोट वर करून दाखवलं
जिन्याच्या अंधारात, त्यांना दिसलं की नाही कोण जाणे.

"एका तावावर अंदाज सांगू नये, वैजू.
दुसऱ्यांदा तापू दे."

गुरुवारी नवे आकडे येतील.