वन्समोअर

सगळ्या नाटकात मला गाणं नाही.
तिसऱ्या अंकात सायकलची घंटी वाजवायची,
खाकी टोपी सावरत विंगेतून यायचं
आणि म्हणायचं, "तार आहे."
दोन शब्द. नाइट सात रुपये, चहा वेगळा.

तार म्हणजे वीज मंडळाचं जुनं बिल,
गुलाबी पाकिटात घातलेलं.
वत्सलाबाई ते घेत, न उघडता खाली बसत,
आणि बापू म्हैसाळकर पायपेटीवर
काळी चार धरून ठेवत,
बाईंचा श्वास जमेपर्यंत.

सांगलीत त्या पदाला तीन वन्समोअर.
पोरगा तीनदा मरायचा.
बाई तीनदा पदर सारखा करून
पहिल्यापासून रडायला लागायच्या,
तिसऱ्या खेपेला तान जास्त खुलायची.
पुढच्या रांगेत हळदीचे अडते,
टाळ्या द्यायला उचललेली बोटं पिवळी.

मग बहात्तरचा चैत्र, वडशिंग्याची जत्रा.
साताऱ्याहून एसटी, पुढं तीन मैल
पायपेटी बैलगाडीत, बापू तिला धरून.
गावात दारादारावर पाटी:
नाव, हुद्दा, पलटण.
काही पाट्यांना नुकताच हार घातलेला.
आमच्यातलं कुणी त्यावर बोललं नाही.

शाळेपुढं मंडप. डाव्या अंगाला बायका.
मी घंटी वाजवली.
लहान पोरं एकदम जवळ ओढली गेली,
काकणं वाजली तेवढीच.
"तार आहे," म्हणालो,
आणि तिसऱ्या रांगेतून एक बाई उठली.
पायऱ्या चढून थेट माझ्यापुढं आली,
घरात कुणी निजलंय अशा आवाजात म्हणाली,
"तिला नगं देऊ. तिला वाचता येत न्हाई.
आण हिकडं."

तिनं पाकीट फोडलं. बत्तीखाली धरलं.
मागील बाकी, युनिट, स्थिर आकार,
भरण्याची अंतिम तारीख,
ओळीवर बोट ठेवून शेवटपर्यंत वाचलं.
घडी घातली, कमरेला खोचली,
आणि वत्सलाबाईंच्या शेजारी बसली,
मांडीला मांडी लावून.

बापूंचे पाय चालूच.
काळी चार इतका वेळ मी कधी ऐकली नव्हती.
बाईंनी पद म्हटलं. सरळ. तान नाही घेतली.
वन्समोअर कुणी दिला नाही.

बिल परत आलं नाही.
मॅनेजरनं पुढच्या खेळाला कोरा कागद दिला.
मी त्यावर थोडं लिहून ठेवलंय.
काय, ते सांगत नाही.
कुणी वाचायला वर आलंच, तर असावं.