दोन सेकंद आधी

मंगळवार, म्हणजे निळा डबा.
सातला उठून तो फाटकापाशी ओढत नेते,
नाइटीवर कोट चढवून,
आणि वाऱ्याला दोन शब्द सुनावते.
ग्रिम्सबीत वाऱ्याला कुणीतरी बोलावंच लागतं,
नाहीतर तो घरात शिरून बसतो.

मग गोळ्या. सकाळच्या कप्प्यातल्या तीन:
एक पांढरी, एक पांढरी,
आणि एक, जिच्या रंगावर
माझं आणि औषधवाल्या पोरीचं एकमत नाही.
मग चहा. मग कालच्या कपबश्या.
चाळीस वर्षं माशांच्या कारखान्यात पट्ट्यापाशी उभी होते,
बारा तुकडे झाले की खोका बंद.
अजून चमचे पुसताना
बाराव्याला हात आपोआप थांबायला बघतो.
चमचे अकराच आहेत.
बारावा ग्लेनिसकडे राहिला, ईस्टरला.
मी विसरलेले नाही.

दुपारी इस्त्री. अभ्रे, रुमाल, टॉवेल.
टॉवेलला कोण इस्त्री करतं, मुलगी फोनवर विचारते.
मी करते.
तीनला पाच कमी असताना
इस्त्रीचं बटण बंद, बिस्किटांचा डबा उघडा
आणि न्हाव्याचं दुकान सुरू.

पन्नास वर्षांपूर्वीची मालिका.
त्या दुकानात कुणाचेच केस कधी कापले जात नाहीत.
न्हावी गुप्तहेर आहे असं मेहुणीला वाटत राहतं,
आणि मेजरचा टोप कुठे ना कुठे पडतो:
सुपात, पाळण्यात,
एकदा तर सरळ पाद्र्याच्या ओंजळीत.
रंग उडालेत, सगळ्यांचे चेहरे उकडलेल्या हॅमसारखे.
मला वाक्यन्‌वाक्य पाठ आहे.
तरी हसू येतं,
अंधारात जिन्याची शेवटची पायरी
पायाला कळते तसं.

पण खरी गंमत भिंतीत आहे.
पलीकडे मिस्टर हॅलम. एकटेच.
याच वेळी हेच लावतात.
त्यांचा टीव्ही छपरावरच्या जुन्या ॲन्टेनावर,
माझा तबकडीवर; मुलीने हौसेने बसवून दिली.
माझं चित्र आभाळात जाऊन परत येतं,
म्हणून दोन सेकंद उशिरा पोचतं.

तर होतं असं, की
टोप अजून मेजरच्या डोक्यावरच असतो
आणि भिंत हसते.
खो खो खो, शेवटी खोकला.
मग टोप पडतो.
विनोद बिचारा वरातीमागून घोडं.

सहा वर्षं माझ्याकडे प्रत्येक हसू
असं आधी कळवून आलंय.
याबद्दल आम्ही कधी बोललो नाही.
कुंपणावरून बोलतो ते डबे, गटार,
आणि कुणाचं मांजर कुणाच्या वाफ्यात.

आज तीन वाजले. मेजर आला.
टोप पडला.
भिंत गप्प.
पुन्हा पडला, बादलीत.
नुसताच पडला.
स्टुडिओतले लोक हसले, पण त्यांचं काय,
ते पन्नास वर्षं हसतच आहेत.

मी उठले, स्लिपरवरच.
दार वाजवलं. मग मुठीने वाजवलं.
डोक्यात नको ते सगळं, अगदी क्रमवार:
किल्ली कुणाकडे असेल,
त्यांचा भाऊ कुठल्या गावी,
माझा काळा कोट धुवून आणलाय का.

दार उघडलं.
हातात स्क्रू-ड्रायव्हर, कपाळावर धूळ.
"टीव्ही गेला," म्हणाले.
मग, जरा थांबून,
"सुपाचा भाग आहे का?"
"बादलीचा."
"अरेरे."
इतकं मनापासून तर ते
स्वतःच्या गुडघ्याबद्दलही म्हणत नाहीत.

टॉवेलांची चळत उचलून मी खुर्ची मोकळी केली.
त्यांनी चार बिस्किटं घेतली, न विचारता,
आणि मेजर शिडीवर चढायला लागला.
मेहुणीने शिडी धरली. न्हाव्याने मेहुणीला हाक मारली.
मी हसले.

हॅलम माझ्याकडे बघत राहिले,
बिस्कीट चहावर तसंच धरून.
"अजून काही झालेलं नाही," म्हणाले.

"होईल," मी म्हटलं.
तेवढ्यात त्यांचं बिस्कीट कपात पडलं,
आणि पडद्यावर, जरा वेळाने,
टोप.