अर्धा इंच माया

सक्करदऱ्याला, बुधवार बाजाराच्या मागे
माझं ब्लाउजचं दुकान. दोन मशिनी, एक कुलर,
आणि मे महिन्यात कुलरपेक्षा मोठ्यानं चालणाऱ्या दोघी,
वैजू हेडाऊ, इंदू मेश्राम.

भांडण रेवतीवरून.
रेवती म्हणजे साडेआठच्या मालिकेतली,
जिच्या पाठीवर असते तशी गाठ
यंदा अख्ख्या सक्करदऱ्याला हवी आहे.

वैजू ईशानची.
ईशान-रेवतीच्या तळहातावर एकाच जागी तीळ,
एकाच रात्री एकाच दवाखान्यात जन्मले,
आगीतून तिला काढलं तेही त्यानंच.
खरं तर तो निघाला होता, डब्यात बसला होता,
पण गाडी सुटलीच नाही.
"काहून नाही सुटली, सांग न मले?
लिहून ठेवलं रायते वो. वरतूनच."

इंदू भास्करची.
भास्करला तीळ नाही. एक जुनी लुना आहे,
आणि त्यानं रेवतीला एकदा विचारलं होतं,
चहात साखर किती?
तेवढ्यावर इंदू तीनशे भाग अडून बसली आहे.
"इचारलं त्यानं. तुझ्या ईशाननं इचारलं का कधी?
त्याले तं सगळं आधीच मालूम."

टाचण्या दातांत धरून भांडतात,
हुक लावताना, काज करताना.
एकदा रागाच्या भरात वैजूनं
उजवी बाही डावीकडे जोडली.
ब्लाउज शाळेतल्या एका बाईंचा.
त्यांनी घालून पाहिला, भांडण ऐकलं,
म्हणाल्या, मीपण ईशानचीच.
बाही मात्र उसवून घेतली.

मी कापते. बोलत नाही.
वैजू एकोणिसाव्या वर्षी पळाली होती,
कॉटन मार्केटच्या चौकातून, अंगावरच्या कपड्यांनिशी,
स्वतः निवडलेल्या माणसाबरोबर.
तो आता रायपूरला असतो म्हणतात.
इंदूला बघायला आले तेव्हा
तिनं मान खाली घालून पोह्यांची ताटली पुढे केली,
आणि वर पाहिलं ते थेट लग्नानंतर.
माणूस चांगला निघाला. अजून रोज दुपारी
डोक्याला दुपट्टा गुंडाळून डबा आणून देतो.
झाकण उघडलं की इंदू म्हणते,
"बरबटी. बावीस वर्षं झाली,
याले कोणी सांगावं मले बरबटी नाही आवडत."

मी या दोन्ही कापडांची उलटी बाजू पाहिली आहे.

कापताना आत अर्धा इंच माया सोडावी लागते.
बाई भरते, वाळते, बाळंत होते,
कधी दुसरीचाच ब्लाउज घालायची वेळ येते.
कात्री मागे फिरत नाही,
पण तेवढी जागा आत दुमडून ठेवायची.
बाहेरून दिसत नाही.
रेडिमेडवाले सोडत नाहीत, म्हणून त्यांना परवडतं.

गेल्या शुक्रवारी मालिका बंद पडली.
न सांगता, मधेच.
रेवती दारात, हात कडीवर,
बाहेर कोण ते दाखवलंच नाही.
लगेच साबणाची जाहिरात.

शनिवारी पहिल्यांदा कुलरचा आवाज ऐकू आला.
त्यातलं पाणी संपत आलं होतं.
बाराच्या सुमारास वैजू म्हणाली,
"बाहेर ईशानच असन."
"असन बी," इंदू म्हणाली,
"पण कडी तं तिच्याच हातात हाय न."
वैजूनं एक हुक लावला. दुसरा लावला.
"अन् तिनं उघडलंच नाही तं?"

हे कोणाच्याच बाजूचं नव्हतं.
इंदूनं पायाखालची मशीन थांबवली.

मी कोणाची, हे दोघींनी कधी विचारलं नाही.
मी रेवतीच्या मावशीची.
चाळिसाव्या भागात ती पिशवी घेऊन
वर्ध्याला जाऊन येते म्हणाली,
आणि लिहिणारे तिला विसरले.
अजून परतलेली नाही.
तिच्या पातळावरचा ब्लाउज कोपरापर्यंत, साधा,
गळा गोल, पाठीला गाठ नाही.
तसा अजून कोणी शिवायला टाकलेला नाही.
माप माझ्याकडे आहे.