पासंग

रीगाला, दौगावा नदीच्या काठी,
गोदामांची रांग आहे. विटा शिजल्या बीटासारख्या.
पूर्वी इथे जवसाचे धागे, मीठ, कातडी.
आता एका दारात सायकली भाड्याने मिळतात,
दुसऱ्यात पांढऱ्या भिंतीवर
कुणी एक पांढरंच चित्र टांगलंय.
वर, तिसऱ्या मजल्याच्या कमानीत
माल ओढायचा आकडा तसाच आहे,
त्यावर एक कुरव पक्षी बसलेला, पावती फाडणाऱ्या कारकुनासारखा.

पलीकडे बाजार.
ज्या अजस्र छपरांखाली कधी
आकाशातली फुगीर जहाजं झोपायची
तिथे आता कोबी, धुरावलेले मासे, काळी पावं.
औस्मा लोणच्याच्या पिंपांमागे उभी,
हात कोपरापर्यंत खारट.
तिची नात लासमा मधे थांबून
माझं इंग्रजी तिच्या भाषेत ओतते,
थोडं सांडतं.

मी गोदामांबद्दल विचारलं.
औस्मानं पिंपात हात घालून एक काकडी शोधली,
ती सापडेपर्यंत बोलली नाही.

"सात नंबरात माझा बाप काट्यावर होता.
सरकारी साखर. पोती मोजायची, तोलायची, वहीत चढवायची.
पारड्याच्या बुडाला त्यानं
एक लोखंडी नट चिकटवला होता. एवढासा."

याला आमच्यात शब्द आहे, मी म्हटलं. पासंग.
लासमाला तो पुढे नेता येईना.
"पा-संग," औस्मा म्हणाली,
फोड जिभेवर फिरवावी तशी.

"दर पोत्यामागे एक मूठ.
काटा म्हणायचा पोतं पुरं, वही म्हणायची पुरं,
मूठ कोटाच्या अस्तरात.
त्या हिवाळ्यात आमच्या जिन्यावरच्या
झाडून सगळ्या पोरांचे दात किडले."

पकडले का?

"काट्याला पकडलं.
तपासनीस आला, ठोकून बघितलं,
काटा खोटा म्हणून गाडीत घालून घेऊन गेला.
बापाला एक शब्द नाही.
तो घरी आला, बूट काढले,
आणि मरेपर्यंत बिनसाखरेचा चहा प्याला.
आई म्हणायची, नाटकी आहे."

लासमा हे पहिल्यांदाच ऐकत होती.
तिनं शेवटचं वाक्य भाषांतर न करता
आजीला काहीतरी विचारलं,
आजीनं खांदे उडवले.

आता वजनाला हिरवे आकडे आहेत.
चारशे बारा ग्रॅम. आकडे स्थिर झाले
तेव्हा औस्माचा अंगठा
पारड्याच्या कडेला होता की नव्हता,
मी मुद्दामच पाहिलं नाही.
सवयीनं, मराठीतच, तोंडातून गेलं:
वर एखादी घाला की.
लासमा गप्प.
औस्मानं लसणाचा एक गड्डा पिशवीत टाकला
आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

गोदामांपुढच्या पायरीवर बसून खाल्लं.
नदीवरून एक रिकामी नाव गेली.
कुरव उडाला,
आकडा बराच वेळ हलत राहिला.
काकडी भलतीच खारट होती.