उलट्या बाजूने

रामबागेतल्या मंडळाच्या भांड्यांची यादी
कॉम्प्युटरवर करून देते म्हणाले,
तर रेवणकरकाकांनी आधी एक परात उपडी केली
आणि बोट ठेवलं:
ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेलं,
कै. गंगाधर सबनीस यांचे स्मरणार्थ, १९६१.

म्हटलं, हीच. हीच ती फॉरेन की.
परातीला ठाऊक आहे आपण कोणाची,
सबनिसांच्या अंगावर थोडंच कोरलंय
परात माझी म्हणून.
"सबनीस आता कुठेत," काका म्हणाले,
आणि दाराकडे वळून इंदुरी हिंदीत खेकसले,
कारण टेम्पोवाला कढई फरशीवर घासत होता.
भिया, उठा के!

पहिल्या रात्री यादी उघडेचना.
नऊशे बारा भांडी,
आणि एकेकापाशी थांबून माझा प्रोग्रॅम
विचारायला जाई, हे दिलं कोणी?
परत येई. पुढची वाटी. पुन्हा जाई.
सबनिसांच्या साठ वाट्यांपायी साठदा सबनिसांच्या दारात.
एका शब्दाने थांबलं:
भांडं आणतानाच देणाऱ्यालाही घेऊन ये.
"एवढंच होतं होय," काका म्हणाले,
"एकेका पोळीसाठी आत गेला तर
पंगत उठायची कधी?"

उलट जायचं, म्हणजे माणसापासून भांड्याकडे,
तर त्या वाटेला नाव द्यावं लागतं.
मी लिहिलं, दिलेलं.
सबनीस, दिलेलं, सगळं. आलं भराभर.
सिंधू टोकेकर, दिलेलं, सगळं:
पिंप एक, झारे दोन, ताटं एक्केचाळीस.

वहीत बेचाळीस.

"एक बाहेर आहे."
कधी नेलंय?
काका चष्मा पुसत राहिले.
"बाहेर आहे, असं लिही."

मग तो प्रश्न, ज्याच्या उत्तराशिवाय
टेबल बनतच नाही:
देणारा पुसला, तर दिलेल्याचं काय करू?
तेही जाऊ दे सोबत?
की भांडं राहू दे आणि नाव कोरं?
"कोरं कसं करशील? ठोकलेलं असतं ते."
म्हणून मी नकार निवडला.
नावावर एक चमचा असला
तरी माणूस पुसता येणार नाही.

दुपारी त्यांनी डबा सोडला.
वह्यांच्या कपाटामागून ताट काढलं,
वरण-भात कालवला, सावकाश जेवले.
शेवटी बोटाने काठ निपटला
तेव्हा वरणाखालून ठिपके वर आले,
सिं. टो.

मोरीवर ताट त्यांनी स्वतःच विसळलं.
पोऱ्या मागत होता, दिलं नाही.
मी स्क्रीनकडे बघत होते.

परत आल्याची तारीख, हा रकाना
मी सक्तीचा केला होता.
ते काढलं.
रिकामा चालेल, असं लिहिलं
आणि सेव्ह केलं.