फ्रीझरमधली पाकिटं

दुलुथच्या शाळेत एकतीस वर्षं मी मुलांना वाढलं.
सोमवारी मॅकरोनी, शुक्रवारी मासा.
आणि दर महिन्याला, पगार हातात यायच्या आधीच,
साठ डॉलर परस्पर निघून जायचे
मी कधीच न पाहिलेल्या पाचशे कंपन्यांकडे.
पुढे नव्वद. मुलीचं कॉलेज सुटल्यावर दोनशे दहा.

वेइको हसायचा. थेंबे थेंबे तळं साचवतेस?
आपलं तर दाराशीच आहे, आयतं,
पलीकडचा काठ न दिसणारं.
मग गिरमिट उचलून तो खाडीच्या बर्फावर जायचा.
त्याचा सगळा हिशोब बर्फाचा:
पहिले चार इंच आठवड्यात धरतात,
पुढे जितकं जाड, तितकं सावकाश,
कारण खालच्या पाण्याला थंडी पोचतच नाही.

पैसा उलटा, मी सांगायचे.
पहिली दहा वर्षं काही म्हणजे काही दिसत नाही,
आणि मग एखाद्या वर्षी तो तुमच्या पगाराहून जास्त वाढतो,
तुम्ही बटाटे सोलत असताना.
त्याला पटायचं नाही.
दिसत नाही त्यावर पाय कसा द्यायचा?

दोन हजार आठच्या ऑक्टोबरात पाकीट आलं.
मी फोडलं नाही.
वेइको जिथं हात घालत नसे अशी घरात एकच जागा:
फ्रीझरचा तळ, वाटाण्यांच्या पिशव्यांखाली.
जानेवारीचंही तिथंच गेलं. एप्रिलचंही.
शेजारच्या मार्लिसनं मार्चमध्ये सगळं विकलं
आणि त्या आठवड्यात ती शांत झोपली.
मी शूर नव्हते.
वाटाणे हलवायचं जिवावर यायचं, एवढंच.
लोक आता त्याला शिस्त म्हणतात.

सदुसष्टाव्या वर्षी क्रेडिट युनियनमध्ये गेले.
टेबलामागे पाओ व्हांग, पाचवीपर्यंत माझ्याच हातचं जेवलेला,
मक्याचे दाणे ताटाच्या कडेला रचून ठेवणारा.
"मिसेस लाहती, किती वर्षं जगायचा विचार आहे?"
आणि लाल झाला. फॉर्ममध्ये रकाना आहे, म्हणाला.

आई त्र्याण्णवला गेली, बाप एकसष्टला.
मी पंचाण्णव म्हटलं.
त्यानं कळ दाबली तसे सगळे आकडे आटले,
गरम पाण्यात धुतलेल्या स्वेटरसारखे.
अठ्ठ्याऐंशी करून बघ रे.
लगेच पावावर थोडं लोणी आलं.
अशी मी माझी सात वर्षं विकली, भर दुपारी,
समोरच्या वाटीतली पेपरमिंटची गोळी चघळत.

साठवायचं कसं, ते ज्याला त्याला सांगायचं असतं.
काढायचं कसं, ते कुणी बोलत नाही.
'विका' या शब्दावर बोट धरून
मी तीन मंगळवार नुसती बसून राहिले.
चौथ्या मंगळवारी अकराशे काढले.
दोन दिवसांत पैसे आले,
आणि कुठे खड्डा पडलेला दिसला नाही.

मार्लिस सत्तरीची आहे. पेट्रोल पंपावर रात्रपाळी करते.
तिच्या गॅरेजमध्ये नवऱ्याचं बर्फ हटवायचं यंत्र होतं,
पुठ्ठ्यावर लिहिलेलं: विकणे आहे.
किंमत लिहिली नव्हती.
सातशेच्या वर कुणी दिले नसते,
आणि ते तिला माझ्याहून जास्त ठाऊक.
मी अकराशे मोजले.
तिनं पुन्हा मोजले, पहिल्यापासून,
मग म्हणाली, साखळीला तेल घाल, अडकते.

पहिल्या मोठ्या हिमवादळानंतर वेइको यंत्र घेऊन निघाला.
आमच्या दारापासून सुरुवात, आणि थांबला तो
मार्लिसच्या पायरीशी. ती तेव्हा झोपलेली होती.

रात्री वही उघडली.
यंत्र, सातशे, असं लिहिलं.
खाली चारशे, आणि पुढं बराच वेळ
काही सुचेना.
मग लिहिलं: वाटाणे.