मंडळी

रविवार-शाळेच्या भिंतीवरचा मेंढपाळ
गोरा, पिंगट केसांचा.
त्याच्या खांद्यावरचं कोकरू पिंजलेल्या कापसाचं.
पोरं विचारतात,
बाई, याच्या पायात काटा कसा नाही?
आणि मेंढरू पांढरं कसं?
बदनापूरच्या पुढं, दुधनेच्या या अंगाला
मेंढरं काळी असतात. फार तर तपकिरी.

यंदा तुरी निघाल्यावर
मंडळीच्या दीड एकरात खतासाठी मेंढरं बसवली.
तीन रात्रींचे चार पायल्या ज्वारी आणि चहापत्ती,
असा सौदा पाळकसाहेबांनी केला,
म्हणजे आमच्या ह्यांनी.
सुभानजी आला घोंगडं पांघरून.
मागून धुरपता, घोड्यावर वाघूर, भांडी, दोन कोंबड्या,
आणि तिच्या झोळीत कालच जन्मलेलं एक.

संध्याकाळच्या प्रार्थनेत हे सांगत होते,
शंभरातलं एक हरवतं तेव्हा
तो उरलेल्यांना रानात सोडून निघतो.
सुभानजी दाराबाहेर उभा राहून ऐकत होता.
नंतर मला म्हणाला,
"समदं बरोबर हाय, बाई.
म्या बी जातो. वढ्यात उतरतो, बाभळीत शिरतो.
पन त्या नव्याण्णवाला लांडगा काहून खात न्हाई,
ते न्हाई सांगितलं साहेबांनी."

तुमच्या मागं कोण बघतं, मी विचारलं.
तो नुसता हसला.
उत्तर वाघुरीपाशी बसलं होतं,
चुलीत तुराट्या सारत,
एक डोळा अंधारावर.

त्याच रात्री रूथमावशी रडत आली.
तिचा यफ्ता जालन्याच्या सळईच्या कारखान्यातून
पगार घेऊन निघाला, त्याला चार दिवस झाले.
ह्यांनी कानटोपी घातली, मोटारसायकल काढली.
गुत्त्यांपाशी, स्टेशनच्या बाकांवर शोधतील.
जातातच ते. म्हणून तर पाळक.

मागं राहिली एलीशाआजोबांची रात्रीची गोळी,
एका बाकावर न बसणाऱ्या दोन जावा,
ऊसतोडीला गेलेल्यांची तीन पोरं, आमच्या ओसरीत झोपलेली,
त्यातल्या एकाचा ताप.
आणि मी.
जुनी माणसं बायकोला 'आमची मंडळी' म्हणतात,
आणि आम्ही चर्चलाही मंडळीच म्हणतो.
आमच्या लग्नात कुणीतरी हा विनोद केला होता.
मी हसले होते.

ताप उतरल्यावर धुरपताजवळ जाऊन बसले.
ती मोजत नव्हती.
"मोजलं का कमी व्हतंय," म्हणाली.
"तोंडं आठवायची."
मीही आठवत गेले. मागच्या बाकापर्यंत आले
आणि एक तोंड काही केल्या आठवेना.
कुणाचं, तेही नाही.

बऱ्याच वेळानं मी विचारलं,
विकता तेव्हा?
"बाजाराला मालक नेतो. म्या त्या दिशी लोकर पिंजत बसते."
मग माझ्याकडं वळून,
"तुमचा तो इकतो का?"

इथं मला शिकवलेलं सगळं सांगता आलं असतं,
मेंढपाळच कोकरू कसा झाला ते,
पाठ आहे मला, परीक्षेत पहिली आले होते.
पण तिच्या मांडीवर ते कालचं पिल्लू
तिचं बोट चोखत होतं.
एवढंच म्हणाले,
नाही. तो स्वतःच गेला बाजारात.

धुरपतानं तुराटी मोडली.
"मंग त्याची माय कुठं व्हती?"

होती, म्हटलं.
तिथंच उभी होती.

ती काही बोलली नाही.
घोंगड्याचं एक टोक माझ्या पायांवर टाकलं.
त्याला मेंढरांचा वास होता, ओला, उबदार,
आमच्या कुठल्याच चित्रात नसलेला.

पहाटे रस्त्यावर मोटारसायकल वाजली.
एकाही मेंढरानं मान वर केली नाही,
त्यांच्या ओळखीचा नव्हता तो आवाज.
माझ्या होता.
मागं कुणी बसलंय का, धुक्यात दिसेना.
मी उठले, आधण ठेवलं.
दोन कप पाणी.
मग आणखी एक.